हिवाळ्यात शिकागोहून ॲरिझोनाला आरव्हीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी, मुलगा किंवा भाऊ-वहिनी फिनिक्सच्या आसपास राहतात, आपण शिकागो, मिलवॉकी किंवा डेट्रॉइटच्या बर्फात, आणि निवृत्तीनंतर आरव्ही (झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन हिवाळ्याचे दोन महिने तिकडे काढावेत असं मनात आहे, अशा मंडळींचे हे प्रश्न. उत्तरं शिकागोहून निघणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. मिशिगनवाल्यांनी आपला पहिला दिवस वेगळा धरावा, पुढचं सगळं तेच.

विमानापेक्षा हे स्वस्त पडतं का?

नाही. आधीच सांगितलेलं बरं. पुढे सांगितलेल्या दक्षिणेच्या वळशाने हे अंतर साधारण १,८५० मैल आहे. मध्यम आकाराची आरव्ही गॅलनला ८ ते १० मैल देते. ९ धरले तर जाताना २०५ गॅलनच्या आसपास पेट्रोल लागेल, म्हणजे गॅलनला ३ डॉलर धरले तरी एका बाजूचे ६०० डॉलर वर गेले. शिवाय रोजचा मुक्काम, भाड्याची गाडी असेल तर तिचं रोजचं भाडं आणि वर मैलांचा हिशेब. दोघांची विमानाची तिकिटं याहून खूप स्वस्त मिळतात.

मग कशासाठी जायचं?

मुलीच्या गावात दोन महिने राहायचं, पण मुलीच्या घरात नाही, यासाठी. नातवंडांना शाळेतून आणायचं, रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि रात्री आपल्या अंथरुणावर येऊन पडायचं. पहाटे पाच वाजता चहा टाकला तर कुणाची झोपमोड होत नाही, टीव्हीचा आवाज आपला, मिसळणाचा डबा आपला. जावईबापूंनाही त्यांचं घर परत मिळतं, हे ते तोंडाने म्हणणार नाहीत. हे नको असेल आणि फक्त ऊन हवं असेल, तर सरळ विमानाने जा.

गाडी कोणती घ्यावी?

दोघांसाठी २५ फुटांच्या आतली क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली. क्लास ए ही बससारखी असते. ती राहायला ऐसपैस, पण टेक्सासच्या वाऱ्यात पहिल्यांदाच चालवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. क्लास बी म्हणजे व्हॅन. चालवायला सोपी, पण दोन महिन्यांत एकमेकांच्या कोपराचा राग येऊ लागतो. ट्रेलर ओढायचा असेल तर तुमचा ट्रक किती वजन ओढू शकतो ते आधी बघा. तिथे विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल आणि गाडीची पुस्तिका वाचा.

सत्तरीच्या पुढच्या माणसाला वरच्या पलंगाची शिडी चढायला लावू नका. मागे कायमचा पलंग असलेली रचनाच निवडा. जेवणाच्या टेबलाचा रोज रात्री पलंग करायचा हा प्रकार तिसऱ्या दिवशी नकोसा होतो.

वेगळं लायसन्स लागतं का?

भाड्याच्या क्लास सीला नाही, नेहमीचं चालतं. वजन २६,००० पौंडांच्या वर गेलं की काही राज्यं वेगळा वर्ग मागतात, पण एवढी मोठी गाडी तुम्ही घेत नाही आहात. खरी अडचण उंचीची येते. गाडी जवळजवळ १२ फूट उंच असते. आपली उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा आणि ड्राइव्ह-थ्रूच्या वाटेला जाऊ नका. पंपावरून वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, खांब तिथेच लागतो.

किती दिवस धरावेत?

जाताना सात. कारने हे अंतर लोक तीन दिवसांत कापतात, म्हणून आरव्हीला चार पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत. जुन्या आरव्हीवाल्यांचा एक नियम आहे: दिवसाला ३०० मैल आणि दुपारी तीनच्या आत मुक्कामी. हिवाळ्यात पाच-साडेपाचला अंधार पडतो, आणि अंधारात अनोळखी जागी गाडी मागे घेणं, विजेची तार जोडणं, पाण्याचा नळ शोधणं यात नवरा-बायकोची जी भांडणं होतात ती टाळण्याजोगी आहेत. सातातला एक दिवस वादळासाठी राखीव ठेवा. वादळ आलंच नाही तर तो वाटेवरच्या न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानाला द्या.

मुलीला पोचण्याची तारीख सांगूच नका. आठवडा सांगा. तारीख सांगितली की ती सुट्टी काढते, पुरणाचा घाट घालते, आणि मग तुम्ही ओक्लाहोमातल्या बर्फातून गाडी रेटता.

रस्ता कोणता?

नकाशावरचं ॲप तुम्हाला आय-५५ने सेंट लुईस, आय-४४ने ओक्लाहोमा सिटी, मग आय-४०ने थेट फ्लॅगस्टाफ आणि तिथून आय-१७ने खाली फिनिक्स, असा रस्ता देईल. तो शंभरेक मैलांनी जवळचा आहे. हिवाळ्यात तो घेऊ नका. फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७,००० फुटांवर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी १०० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. फिनिक्स ऊबदार म्हणजे ॲरिझोना ऊबदार, असं नसतं. वर आय-१७चा उतार लांब आणि तीव्र आहे, भरलेल्या आरव्हीचे ब्रेक त्यावर तापतात.

आमचा सल्ला असा. ओक्लाहोमा सिटी, ॲमरिलो, टुकमकेरीपर्यंत तोच रस्ता. पुढे सँटा रोझाहून यूएस-५४ने दक्षिणेला वळायचं: व्हॉन, कॅरिझोझो, ॲलमगोर्डो. तिथून यूएस-७०ने लास क्रूसेस आणि मग आय-१० धरून डेमिंग, लॉर्ड्सबर्ग, विलकॉक्स, टूसॉन. या वाटेवर सगळ्यात उंच भाग व्हॉन आणि कॅरिझोझोच्या मधल्या कोरोना गावाजवळचा, साधारण ६,७०० फूट. तेवढा एक टप्पा हवामान बघून करायचा. यूएस-५४ बराचसा दोनपदरी आणि ओसाड आहे. सँटा रोझालाच टाकी भरा. तशीही पाव टाकीच्या खाली कधी जाऊ नका, कारण गाडीतला जनरेटर त्याच टाकीतून पितो आणि टाकी पावाला आली की बंद पडतो.

ओक्लाहोमातले टोलरस्ते रोख घेत नाहीत. नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल मालकाच्या पत्त्यावर जातं. गाडी भाड्याची असेल तर कंपनी त्यावर आपलं शुल्क लावते का, हे करार करतानाच विचारा.

यूएस-७०वर व्हाइट सँड्सजवळ क्षेपणास्त्रांच्या चाचणीसाठी रस्ता अधूनमधून बंद करतात, कधी कधी दोन-तीन तासही. घाबरू नका. मागे स्वयंपाकघर आहे, चहा करा. राष्ट्रीय उद्यानातली पांढरी वाळू जिप्समची आहे, ती उन्हात तापत नाही, अनवाणी चालता येतं. उद्यानाच्या आत आरव्हीचा मुक्काम मात्र करता येत नाही, राहायला ॲलमगोर्डोला यावं लागतं.

थंडीत गाडीतलं पाणी गोठलं तर?

सगळ्यात महागाचं नुकसान इथेच होतं, म्हणून नीट वाचा. शिकागोत जानेवारीत निघणाऱ्या गाडीचे नळ कोरडेच ठेवायचे. पाइपांमधून पाणी काढून टाकलेलं असतं आणि त्यांत आरव्हीचा गुलाबी अँटिफ्रीझ भरलेला असतो. हा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. कारच्या रेडिएटरमधला हिरवा एथिलीन ग्लायकॉलचा, तो विषारी आहे, तो या पाइपांत कधीही नाही.

पहिले चार-पाच दिवस गाडीला पाणी नाही असं समजूनच राहायचं. प्यायला आणि चहाला पाच-सहा मोठे कॅन. भांडी कमी. संडास वापरता येतो, फक्त पाण्याऐवजी थोडा गुलाबी द्रव ओतायचा. अंघोळ ट्रकस्टॉपवर पैसे देऊन. तिथले शॉवर स्वच्छ असतात, टॉवेलही मिळतो.

लास क्रूसेसला पोचलात आणि पुढच्या काही रात्री गोठणबिंदूच्या वर आहेत असं दिसलं, की पाणी भरा, सगळे नळ सोडा, गुलाबी रंग जाईपर्यंत वाहू द्या आणि मगच गीझर चालू करा. डेमिंग, विलकॉक्स ही गावं वाळवंटातली असली तरी ४,००० फुटांवर आहेत आणि रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जातो. तिथे रात्री बाहेरच्या नळाची होज काढून आत घ्या आणि गाडीच्या टाकीतलं पाणी पंपाने वापरा.

भाड्याच्या गाडीत पाइप फुटले तर बहुतेक करारांत ते भाडेकरूच्या अंगावर येतं. त्या कलमाखाली बोट ठेवून विचारा.

रात्री थंडी वाजते का?

फर्नेस आहे, तो प्रोपेनवर चालतो. पण हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर. विजेच्या जोडणीशिवाय मुक्काम केलात तर कमजोर बॅटरी पहाटे तीनला मान टाकते आणि मग प्रोपेन भरलेला असून काही उपयोग नाही. त्यामुळे मिसूरी-ओक्लाहोमातले मुक्काम वीज असलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच करा. सोबत गोधडी असू द्या, झिपवाल्या स्लीपिंग बॅगेपेक्षा ती बरी.

गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म निघण्याआधी बटण दाबून तपासा आणि अलार्मवरची कालबाह्यतेची तारीखही बघा.

रात्री कुठे थांबायचं? वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये चालतं ना?

काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. निर्णय त्या दुकानाच्या व्यवस्थापकाचा आणि शहराच्या नियमाचा. दुपारी फोन करून विचारावं, तिथे खुर्च्या मांडून संसार थाटू नये आणि सकाळी निघताना थोडं सामान घ्यावं. टेक्सासच्या रेस्ट एरियात २४ तास थांबता येतं, इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. हिवाळ्यात उत्तरेकडची बरीच कॅम्पग्राउंड बंद असतात किंवा नळ बंद ठेवतात, तेव्हा फोन केल्याशिवाय जाऊ नका.

वय ६२ पूर्ण असेल आणि तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल, तर राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास काढा. आयुष्यभराचा ८० डॉलरला मिळतो आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये निम्म्या दरात जागा मिळते. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांना तो मिळत नाही.

स्वयंपाकाचं काय?

वाटेवर फार करू नका. दशम्या, धपाटे, गुळपोळ्या, दाण्याची चटणी, मेतकूट. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात आणि बाहेर थंडी असल्याने जास्तच. मधल्या मुक्कामात मऊ भात किंवा मुगाची खिचडी, कुकरची तीन शिट्ट्यांची गोष्ट. सेंट लुईसला भाजी-किराणा भरून घ्या, पुढे फिनिक्सपर्यंत भारतीय दुकानं तुरळक आहेत.

फोडणीबद्दल: गाडीत छत हातभर वर असतं आणि धुराचा अलार्म शेगडीपासून चार पावलांवर. मिरची टाकली की तो बोंबलतो. छताची खिडकी उघडून पंखा लावा, मग तेल तापवा. अलार्म काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचा नाही, कितीही राग आला तरी. तळण मुक्कामावर, गाडीबाहेर छोट्या शेगडीवर. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत, त्याचा थर बसतो आणि तो वास जात नाही.

विजेचा हिशेब पाठ करा. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. हीटर १,५०० खातो, मायक्रोवेव्ह जवळजवळ तेवढंच, इंडक्शन शेगडी १,८०० पर्यंत. तिन्ही एकदम लावलं की ब्रेकर पडतो. पोळ्या करताना हीटर बंद.

अंघोळ आणि संडास?

हा प्रश्न लोक फोनवर आवाज खाली आणून विचारतात. बहुतेक गाड्यांचा गीझर सहा गॅलनचा असतो. शॉवर सोडून उभं राहिलात तर पाच मिनिटांत गार पाणी. बादली-तांब्या घ्या, आपल्या सवयीची अंघोळ दोन-तीन गॅलनमध्ये होते. ही एक बाब आपल्या लोकांना आरव्हीत अमेरिकनांपेक्षा सोपी जाते.

संडासाची टाकी वेगळी, तिला ब्लॅक टँक म्हणतात. आपण पाणी वापरतो हे तिच्या दृष्टीने चांगलंच, कोरडा कागद साचून चोंदण्याची भीती कमी. फक्त टाकी लवकर भरते, चार-पाच दिवसांनी रिकामी करावी लागते. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घाला. आरव्ही पार्कात, म्हणजे गाड्या लावून राहायच्या तळावर, असताना ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे राहतं.

वारा आणि धूळ किती धोकादायक?

बर्फाइतकेच. ॲमरिलोच्या आसपास सपाट माळरान आहे, आडवा वारा उंच गाडीला शेजारच्या पट्ट्यात ढकलतो. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी निघायचं नाही, सकाळी वारा कमी असतो तेव्हा लवकर निघून दुपारी थांबायचं.

लॉर्ड्सबर्गजवळ आय-१० एका कोरड्या तळ्यातून जातो. तिथे क्षणात धूळ उठते आणि पुढची गाडी दिसेनाशी होते. अशा वेळी रस्त्याच्या शक्य तितकं बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवावेत असं वाटतं, पण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यामागे रस्ता आहे असं समजून थेट तुमच्यावर येतो.

कागदपत्रं कुठली जवळ ठेवायची?

यूएस-७०वर ॲलमगोर्डोच्या पश्चिमेला आणि आय-१०वर लास क्रूसेसच्या पश्चिमेला बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमा पोलिसांची, तपासणी चौकी असते. तुम्ही मेक्सिकोत गेला नसलात तरी विचारतात. ग्रीन कार्डधारकाने कार्ड जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. पाहुण्या आई-वडिलांचे पासपोर्ट आणि आय-९४ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत गाडीतच असू द्या, सुटकेसच्या तळाशी नको. नागरिकाला कागद बाळगण्याची सक्ती नाही, तरी पासपोर्ट कार्ड असेल तर दोन वाक्यांत सुटका होते.

औषधं आणि विमा?

औषधं तीन महिन्यांची घ्या. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) सगळ्या राज्यांत चालतं. मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे त्याचीच खासगी कंपनीमार्फतची योजना, असेल तर तिचं डॉक्टरांचं जाळं बहुधा तुमच्या भागापुरतंच असतं. तातडीचं बघतात, पण ॲरिझोनातली साधी तपासणी खिशातून करावी लागू शकते. निघण्याआधी फोन करा.

गाडी मुलीच्या घरासमोर लावता येईल?

बहुतेक नाही. चँडलर, गिल्बर्ट इथल्या नव्या वसाहतींत घरमालकांची संघटना असते आणि तिच्या नियमांत आरव्ही दारात उभी करण्यावर बंदी किंवा एक-दोन दिवसांची सवलत असते. मुलीला नियमावली आधी वाचायला सांगा. शेजारी पत्र टाकतात, आणि ते पत्र तिच्या नावाने येतं.

म्हणून आरव्ही पार्क. मेसा, अपाचे जंक्शन, कासा ग्रांडे या भागांत शेकड्यांनी जागा असलेले पार्क आहेत. महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा बराच कमी, वीज बहुधा मीटरप्रमाणे वेगळी. जानेवारी ते मार्च हे पार्क भरलेले असतात. उन्हाळ्यातच जागा धरा. बरेच पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठीच आहेत. नातवंडं दिवसा आलेली चालतात, पण रात्री राहण्यावर मर्यादा असते. नातवंडांनी आजीच्या गाडीत झोपायचं हा हट्ट धरलेला असणारच, तर हे आधी विचारून घ्या.

अंतराबद्दल आमचं मत ठाम आहे: घरापासून २० ते ३० मिनिटं. त्याहून जवळ असलात की रोज बोलावणं, लांब असलात की आठवड्याने. दुसरी छोटी गाडी लागतेच. आरव्ही घेऊन भाजीला जाता येत नाही. मुलीची जुनी कार असेल तर ठीक, नाहीतर महिन्याने भाड्याची.

कासा ग्रांडेहून चँडलरकडे जाताना थोडी वाट वाकडी केली तर मॅरिकोपाला महागणपतीचं देऊळ लागतं. वाळवंटात पोचल्यावर पहिला नमस्कार तिथेच करणारे बरेच आहेत.

कढीपत्त्याचं झाड सोबत नेता येईल का? थंडीत घरी मरेल.

नेऊ नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे. संत्र्या-लिंबांच्या बागा मारणाऱ्या रोगाचा कीटक त्यावर जगतो, म्हणून ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात अशा रोपांच्या ये-जा करण्यावर कडक निर्बंध आहेत. झाड शेजाऱ्याकडे दक्षिणेच्या खिडकीत ठेवा.

घड्याळाचं काय?

ॲरिझोना वेळ बदलत नाही. पुण्या-मुंबईशी फरक बारा महिने साडेबारा तासांचा. शिकागोशी हिवाळ्यात एक तास, मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की दोन.

क्वार्टझसाइटला जावं का?

एकदा बघायला जा. फिनिक्सहून आय-१०ने पश्चिमेला दोनेक तास. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल सरकारी वाळवंटात परवाना काढून मुक्काम करता येतो आणि जानेवारीत तिथे आरव्हींचं अख्खं शहर वसतं. गाडीपाशी नळ नाही, वीज नाही, शेजार मात्र भरपूर. गावात हाय जॉलीची कबर आहे, पिरॅमिडच्या आकाराची, वर उंट. हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्याने उंटांबरोबर आणलेला हाजी अली. नावाचा उच्चार लोकांनी आपल्या सोयीने केला.

परत कधी निघायचं?

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी इलिनॉयमध्ये कडाका असतो, आणि एप्रिल-मे हा ओक्लाहोमात चक्रीवादळांचा (टोर्नेडोंचा) मुख्य हंगाम. न्यू मेक्सिकोत वसंतात वारा जोराचा, तेव्हा येतानाही सात दिवस धरा. ओक्लाहोमा सिटीच्या पुढे रात्री गोठणबिंदूखाली जाणार असं दिसलं तर तिथेच टाक्या रिकाम्या करून पाइपांत पुन्हा गुलाबी द्रव भरा, दोन-तीन गॅलन पुरतो. शिकागोला पोचल्यावर गाडी खालून धुऊन घ्या. रस्त्यांवरचं मीठ एप्रिलपर्यंत राहतं.